आधी थांबायला शीक, मग फेज टूचं बघू

पत्र : ताई, मी ३१ वर्षांचा, नोकरी हिंजवडीत, घर वारज्यात. गेल्या जानेवारीत मनालीजवळ सोलंगला चार दिवस स्नोबोर्डिंग (दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरणं) शिकलो आणि वेडाच झालो. आता फेब्रुवारीत ऑफिसातले तिघं सहा दिवसांसाठी गुलमर्गला चाललेत. दोघं स्की करतात, एक बोर्डवर असतो. तिघंही पक्के, त्यातला एक तर चार वर्षं कॅनडात राहून आलाय. दुसऱ्या दिवसापासून गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, फेज टूने (वरच्या टप्प्याने) अफरवट डोंगरावर जायचं असा त्यांचा बेत आहे. मला म्हणतात, ‘तू ये रे, खाली येता येतं ना, बास.’ हील साइडवर मी कुठूनही खाली येतो. सोप्या उतारावर चार-पाच टर्नही जोडता येतात. जाऊ का? स्वतःचा बोर्ड घ्यायला पन्नास हजार बाजूला काढलेत, घेऊ का? आणि पुण्यात राहून तयारी काय करायची, इथे तर बर्फ फक्त उसाच्या रसात मिळतो! घरी आईला ‘काश्मीर फिरायला जातोय’ एवढंच सांगितलंय.
– अर्धवट बोर्डर, वारजे

उत्तर :

प्रिय अर्धवट बोर्डर,

जा. गुलमर्गला जरूर जा. पण दुसऱ्या दिवशी फेज टू नको, पन्नास हजारांचा बोर्ड नको आणि आईला मारलेली ही अर्धी थाप तर मुळीच नको. उत्तर एवढंच. का नको आणि मग काय करायचं, ते सांगायला मात्र जरा वेळ लागेल, तेव्हा चहा घेऊन बस.

तुझ्या मित्रांच्या त्या ‘खाली येता येतं ना, बास’पासून सुरुवात करते. डोंगरावरून खाली सगळेच येतात, गुरुत्वाकर्षणाने आजवर कुणाला वगळलेलं नाही. मधेच, हव्या त्या जागी, पुढे पडलेल्या माणसाच्या चार हात अलीकडे तुला थांबता येतं का, हे त्यांनी विचारायला हवं होतं. ब्रेक न शिकता फक्त ॲक्सिलरेटर शिकलेल्या माणसाला आपण कात्रजच्या घाटात पाठवत नाही.

हील साइडवर कुठूनही उतरतो असं तू म्हणतोस. म्हणजे बोर्ड आडवा धरायचा, टाचेकडची कड बर्फात रुतवायची आणि दरीकडे तोंड करून घसरत यायचं. हे येतं ते चांगलंच आहे. अरुंद, गोठलेल्या जागी मुरलेले बोर्डरसुद्धा असेच उतरतात. पण सोलंगच्या शिकाऊ उतारावर तू हे किती अंतर केलं असशील? आता गुलमर्गचे आकडे बघ. गाव साधारण २,६५० मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीला नेतो, ३,१०० च्या जरा अलीकडे-पलीकडे. दुसरा टप्पा अफरवटच्या अंगावर जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत. वरून हॉटेलच्या दारापर्यंत धरलं तर तेराशे मीटरच्या आसपास उतरण होते. आतकरवाडीतून सिंहगड साधारण सहाशे मीटर भरतो. म्हणजे दोन सिंहगड, तेही गुडघे वाकवून, एकाच कडेवर, विरळ हवेत.

अर्ध्या वाटेतच मांड्या थरथरायला लागतील. पाय दमले की पकड सैल होते, बोर्ड सपाट पडतो, खालच्या बाजूची कड बर्फात अडकते आणि माणूस फाडकन आपटतो. हील साइडला असशील तर पुढे हातांवर, टो साइडला, म्हणजे डोंगराकडे तोंड करून, असशील तर मागे डोक्यावर. आकाश ढगाळ असलं की बर्फावरचे उंचवटे-खळगे दिसेनासे होतात, सगळं एकसारखं पांढरं होतं, त्या उजेडात हे हमखास घडतं. नवशिक्या बोर्डरांमध्ये सगळ्यात जास्त मोडतं ते मनगट, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो. तुझं पोट कीबोर्डवर आहे, हे लक्षात असू दे.

आणखी एक गोष्ट तुझ्या मित्रांनी तुला सांगितलेली दिसत नाही. फेज टूचा डोंगर हा दाबून, सारखा करून ठेवलेला शिकाऊ उतार नाही. युरोपातल्या रिसॉर्टमध्ये हिरव्या, निळ्या, लाल, काळ्या खुणांनी सोपी-अवघड वाट कळते, तशी सोय तिथे वर नाही. बर्फ पडून गेला असेल तर कमरेइतकी पावडर, म्हणजे ताजा, भुसभुशीत बर्फ, पडला नसेल तर वाऱ्याने कडक केलेला, खरवडलेला पृष्ठभाग. जगभरातून लोक गुलमर्गला येतात ते त्या पावडरसाठीच. तुझे मित्रही त्यासाठीच चाललेत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण पावडरमध्ये तुझी आजवरची शिकवणी अर्धी उलटी होते. कडक बर्फावर वजन पुढच्या पायावर ठेवायला शिकवतात. खोल पावडरमध्ये तेच केलंस की बोर्डचं नाक खाली जातं आणि तू त्याच्या मागोमाग. तिथे वजन किंचित मागे ठेवावं लागतं, वेग राखावा लागतो, आणि तुझा तो आडवा घसरत येण्याचा हुकमी उपाय फारसा चालत नाही, कारण बर्फ बोर्डपुढे साठून तुला थांबवतो. थांबलास की पडलास, पडलास की उठता येत नाही, कारण हात टेकायला खाली घट्ट काही नसतं. बोर्ड सोडून उभं राहावं तर मांडीपर्यंत आत. एकेका पडण्यात दहा-दहा मिनिटं जातात, दम लागतो, घाम येतो, आणि मग तोच घाम थंड होतो.

शिवाय तू बोर्डवर आणि दोघं स्कीवर. अफरवटच्या माथ्यावरून चांगल्या उतारापर्यंत जायला पुष्कळदा आडवं जावं लागतं, आणि खाली परतीच्या वाटेवर सपाट पट्टे लागतात. स्कीवाले काठ्या टेकवत निघून जातात. बोर्डवाल्याला एक पाय मोकळा करून ढकलत जावं लागतं, नाहीतर बोर्ड काखेत मारून चालावं लागतं. हे एका पायाने ढकलणं तुला येतं का? सोलंगच्या चार दिवसांत बहुतेक कुणी घोटून घेतलं नसेल. पहिल्या सकाळी इन्स्ट्रक्टरकडून तेच आधी मागून घे.

मग फेज टूवर जायचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. मी म्हणते, आत्ताच्या घडीला तुझं उत्तर ‘नाही’ असू दे, आणि ते ‘हो’ कधी होईल हे पुण्यातूनच ठरवून निघ. दोन्ही कडांवर, म्हणजे डोंगराकडे तोंड करून टो साइडवरसुद्धा, सावकाश घसरत येता आलं पाहिजे. इन्स्ट्रक्टरने ‘त्या झाडापाशी थांब’ म्हटलं की त्याच झाडापाशी थांबता आलं पाहिजे, त्याच्या पुढच्या झाडापाशी नव्हे. कोंगडूरीपासून गावापर्यंतचा उतार टर्न जोडत, न पडता, एकदा नाही तर त्याच दिवशी पुन्हाही उतरता आला पाहिजे. आणि हे सगळं ढगाळ उजेडातही जमलं पाहिजे. एवढं झालं, वर हवा स्थिर असली, आणि तुझ्याबरोबर दिवसभर थांबणारा गाईड असला, तर पाचव्या-सहाव्या दिवशी जाऊन ये. नाही जमलं तर पाळण्यातून वर जा, समोरच्या रांगा बघ, हवा लख्ख असली तर नंगा पर्बत दिसेल, आणि पाळण्यातूनच खाली ये. परतीच्या तिकिटाचं चढण्याआधीच विचारून घे, वर गेल्यावर वाद नको.

सहा दिवसांचं म्हणशील तर पहिला दिवस अर्धाच धर. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे. कळसूबाई, आपल्या राज्याचं सगळ्यात उंच टोक, १,६४६ मीटर. तुझं गुलमर्गचं हॉटेलच तिच्याहून हजार मीटर वर असणार. पहिल्या रात्री डोकं जड होईल, झोप तुटक येईल. पाणी पीत राहा आणि मित्रांच्या बाटलीला त्या रात्री तरी हात लावू नकोस. पुढचे दोन दिवस गावातल्या सोप्या उतारांवर काढ, जिथे ओढत नेणाऱ्या लिफ्ट आहेत. त्या लिफ्टवर बोर्डवाले सुरुवातीला धडाधड पडतात आणि रांगेतली पाच वर्षांची काश्मिरी पोरं खदखदून हसतात. हसू देत. चौथ्या दिवसापासून कोंगडूरी. तिथे एक चेअरलिफ्टही आहे, ती तू कधी घ्यायचीस ते इन्स्ट्रक्टरला ठरवू दे. आणि हा इन्स्ट्रक्टर पहिले चार दिवस फक्त तुझा असू दे, मित्रांपैकी कुणी नको. चांगला बोर्डर चांगला शिक्षक असेलच असं नाही, आणि तुझा कॅनडावाला तर पावडर सोडून तुझ्यासाठी थांबला की तासाभरात कुरकुरायला लागेल. बोर्डसाठी काढलेल्या त्या पन्नास हजारांतला मोठा वाटा इथे घाल. गुलमर्गच्या सरकारी संस्थेत कोर्स होतात ते मुख्यतः स्कीचे, तुला स्नोबोर्ड शिकवणारा नोंदणीकृत स्थानिक माणूस शोधावा लागेल. निघण्याच्या महिनाभर आधी फोनवर बोल. ‘मी टो साइडला कच्चा आहे’ हे पहिल्या वाक्यात सांग.

आता हिमप्रपाताचं. हा भाग तुझ्या मित्रांनाही वाचून दाखव.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या हापतखुड भागात हिमप्रपात झाला आणि दोन पोलिश स्कीअर गेले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन गेला. त्याआधी २०१० च्या फेब्रुवारीत खिलनमर्गलाच लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर बर्फ कोसळला होता, त्यात सतरा जवान गेले. हे लोक डोंगरात नवखे नव्हते. हिमप्रपात बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि पावडरसाठी लोकांना हवेहवेसे वाटणारे उतार नेमके तेवढेच असतात. जुन्या, कमकुवत थरावर नवा किंवा वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ साठतो, आणि एका माणसाच्या वजनाने अख्खी लादी सुटते. माणसं सापडतात त्या हिमप्रपातांत बहुतेक वेळा तो सुरू करणारा सापडलेलाच असतो, किंवा त्याच्याच गटातला कुणी. आणि त्यातही दगाबाज दिवस कुठले? जोराचा बर्फ पडून गेल्यावरचे पहिले एक-दोन. ऊन पडलेलं असतं, आकाश निळंशार असतं, सगळ्यांना आपल्याच बोर्डची रेघ पहिली उमटवायची असते.

गोंडोलाच्या बाजूच्या ठरावीक पट्ट्यात गस्तीपथक असतं. मोठ्या बर्फानंतर स्फोट करून धोका काढल्याशिवाय आणि वारा उतरल्याशिवाय फेज टू उघडत नाहीत. पण त्या पट्ट्याच्या बाहेर डावीकडे-उजवीकडे पाऊल टाकलं की तुझा तू. तुझे मित्र बाहेरच जाणार आहेत, हे मी पैजेवर सांगते. बाबा रेशीच्या दर्ग्यापर्यंत झाडीतून उतरायचं आणि टॅक्सीने परत यायचं, हे त्यांच्या यादीत असेलच. तिकडे जाताना प्रत्येकाच्या अंगावर बीकन (पुरलेल्या माणसाचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं पाहिजे, आणि ते वापरता आलं पाहिजे. पुरलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने कमी होते. श्रीनगरहून मदत येईपर्यंत तो वेळ कधीच उलटून गेलेला असतो. म्हणजे वाचवणारे तुम्हीच चौघं. बीकन तिथे भाड्याने मिळतात. पहिल्या संध्याकाळी हॉटेलसमोरच्या बर्फात एक जण बीकन पुरून ठेवील आणि बाकीचे घड्याळ लावून शोधतील, असं करा. मित्रांचे आधीच असतील तर तळजाईच्या मैदानावर रविवारी सकाळीही होतं, चालायला येणारे आजोबा दोन प्रश्न विचारतील एवढंच. जो मित्र ‘मला येतं, करायची गरज नाही’ म्हणेल, त्याच्या मागे कुठल्याही उतारावर जाऊ नकोस. झाडीबद्दलही सांगून ठेवते. खोल बर्फात देवदाराच्या बुंध्याभोवती पोकळी राहते, त्यात डोकं खाली करून पडलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर येता येत नाही. म्हणून झाडीत जोडीदार नजरेआड होता कामा नये.

हे सगळं मित्रांशी बोलायचं कुठे, तर इथे, पुण्यात, मिसळ खाताना. फेज टूच्या दारात, मागे रांग ओरडत असताना, ‘मी नाही येत’ म्हणणं फार जड जातं. तिथे भले भले वाहवत जातात. ग्रुपवर आजच लिही: ‘पहिले चार दिवस मी खाली शिकणार आहे, तुम्ही वर जा, संध्याकाळी भेटू. वर यायचं की नाही ते मी पाचव्या दिवशी सांगेन.’ बस एवढंच, माफी मागू नकोस. तुझ्यामुळे त्यांचा दिवस वाया जाणार नाही आणि त्यांच्यामुळे तुझा. खरे मित्र असतील तर सुटकेचा श्वास टाकतील, कारण त्यांनाही तुझी काळजी वाहायची नव्हतीच. चिडले, तर मात्र सहा दिवस एका खोलीत कसे काढायचे याचा विचार कर.

सामानाचं बघू. बोर्ड भाड्याने घे. आज तुला मऊ, सोपा बोर्ड हवा, दोन वर्षांनी वेगळा हवा असेल, आणि पुण्यातल्या माळ्यावर पडून त्याच्या कडांना गंज चढेल तो वेगळाच. भाड्याचा घेताना कडा हाताने तपास, बाइंडिंगचे (बूट बोर्डला जखडणाऱ्या भागाचे) पट्टे आणि स्क्रू ओढून बघ. पुढचं बाइंडिंग साधारण १५ अंश बाहेर, मागचं थोडं उलट दिशेला वळवून घे. बूट मात्र स्वतःचे असावेत. भाड्याचे बूट शंभर पायांनी सैल केलेले असतात, टाच वर उचलली जाते, आणि मग तू कितीही शिकलास तरी ते बोर्डपर्यंत पोचत नाही. मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट पुण्यातूनच ने. पार्श्वभागाला गादी असलेली चड्डी मिळते, हसू नकोस, दुसऱ्या दिवशी मला दुवा देशील. पडताना मुठी मिटून कोपरापुढच्या हातावर पड, तळवा टेकू नकोस. अंगाला सुती काही नको, अगदी बनियनसुद्धा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तेच तुला गारठवतं. थर्मल, वर फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट, झालं. आपल्याकडच्या डेकॅथलॉनमध्ये हे बहुतेक मिळतं. गॉगल ढगाळ उजेडात चालेल असा फिकट काचेचाही हवा. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीही लाव, बर्फावरचं ऊन खालून येतं.

पुण्यातली तयारी विचारलीस. पर्वती आणि सिंहगड, दुसरं काय. फक्त उलट बाजूने बघ. पुणेकर सिंहगड चढून किती मिनिटं लागली ते सांगतात आणि पिठलं-भाकरी खाऊन जीपने खाली येतात. तुला चढणं छातीसाठी आणि उतरणं मांड्यांसाठी हवंय, कारण बोर्डवर स्नायू काम करतात ते उतरताना करतात तसंच, ताणलं जाता जाता धरून ठेवण्याचं. तेव्हा जीप नको. आठवड्यात एकदा सिंहगड पायी उतर, बाकी दोन-तीन संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या सावकाश, गुडघे सांभाळून. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बस, वेळ वाढवत ने. एका पायावर उभा राहून दात घास. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागा असेल तर लाँगबोर्ड किंवा सर्फस्केट (दोन्ही चाकांच्या फळ्या) घे, खांदा आणि कंबर वळवली की बोर्ड कसा मागोमाग येतो ते अंगात भिनतं. हेल्मेट घालूनच, डांबर बर्फाहून कडक असतं. आणि एक गमतीचा व्यायाम : दोन्ही पाय एकत्र बांधल्यासारखे ठेवून जमिनीवरून उठ, आधी पालथा होऊन, मग बसल्या जागेवरून. दिवसातून वीसदा. गुलमर्गला याच एका गोष्टीत तुझी निम्मी शक्ती जाणार आहे. दहा आठवडे हातात असतील तर पुरे आहेत.

प्रवासातल्या काही गोष्टी भराभर सांगते. फेब्रुवारी चांगला, चिल्ले कलानची चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी जानेवारीअखेर सरलेली असते आणि बर्फ साठलेला असतो, असं परंपरा सांगते. अलीकडे परंपरेचा भरवसा नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग बराच काळ उघडं पडलं होतं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर गेल्या. म्हणून हॉटेल रद्द करता येईल असंच घे. परतीच्या आदल्या रात्री श्रीनगरला ये, बर्फाने गुलमर्गच्या पायथ्याचा तंगमर्गचा रस्ता किंवा विमान अडलं तर एक दिवस हाताशी हवा. तंगमर्गच्या वर साखळ्या लावलेली गाडी लागते, तो खर्च धर. तुझं सिम प्रीपेड असेल तर जम्मू-काश्मीरमध्ये चालणार नाही, पोस्टपेड करून ने. कॅनडावाल्याकडे सॅटेलाइट मेसेंजर असेल तर तो पुण्यातच ठेवायला सांग. परवान्याशिवाय ते यंत्र भारतात बाळगणं बेकायदा आहे, त्यापायी परदेशी पर्यटकांना विमानतळांवर अडवलेलं आहे. विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. स्नोबोर्डिंग, आणि आखलेल्या उताराबाहेरचं स्नोबोर्डिंग, दोन्ही शब्दांत लिहून घेतल्याशिवाय पैसे भरू नकोस. मोठं रुग्णालय श्रीनगरला, पन्नास किलोमीटरवर.

आणि खरं सांगायचं तर, टर्न पक्के करायला गुलमर्ग ही जगातली आदर्श जागा नाही. सारखे केलेले, लांबच लांब, मध्यम उतार हवेत तर पुढच्या हिवाळ्यात जॉर्जियातलं गुदौरी किंवा अल्माटीजवळचं शिंबुलाक बघ. कझाकस्तानला भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी नियम एकदा तपास. पण मित्र, सुट्टी आणि वेड असं तिन्ही यंदा एकत्र आलंय, ते मी कशाला मोडू.

आईचं राहिलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे झालं, त्यानंतर काश्मीर म्हटलं की कुठल्याही आईच्या पोटात गोळा येणारच. त्यात तू बर्फावरून घसरायला जातोयस हे तिला हेल्मेट घातलेल्या फोटोतून कळावं, अशी तुझी इच्छा आहे का? तिला हॉटेलचा नंबर, इन्स्ट्रक्टरचा नंबर आणि विम्याचा कागद दे. रोज संध्याकाळी पाचला फोन करेन असं सांग, आणि सहाही दिवस कर. मनगट मोडलंच, तर परत आल्यावर महिनाभर भात कालवून देणारी तीच आहे, तेव्हा तिला आधीपासून सामील करून घेतलेलं बरं.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. एकच पातळ, लांब मोजा घाल. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की जराशी मागे सरली पाहिजेत, आणि पंज्यावर उभा राहिलास तरी टाच जागची हलता कामा नये. दुकानात पंधरा-वीस मिनिटं घालून फिर, विक्रेता कंटाळला तरी. मग घरी आणून टीव्ही बघताना रोज थोडा वेळ घालून बस, म्हणजे निघेपर्यंत ते तुझ्या पायाचे झालेले असतील.

– ताई